डोक्याच्या फोटोतली डाकीण

भडगावजवळच्या त्या गावात मारुतीच्या पारावर बसायला जागा उरली नव्हती. तोताराम महाराजांनी काळी फिल्म उन्हात धरली होती आणि माणसं माना उंचावून तिच्यातली डाकीण शोधत होती. ज्यांना दिसली नाही, त्यांनीही दिसली म्हणून सांगितलं.

पुढे लोटन उभा होता, बायकोचा हात धरून. सुनंदाबाईला सहा महिन्यांपासून कोणी नसताना कानात माणसं बोलताना ऐकू यायची. लोटनने नाशिकला नेऊन तिच्या डोक्याचा फोटो काढला. आपल्याकडे स्कॅनलाही फोटोच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, फोटोत काही निघालं नाही, गोळ्या मात्र रोज द्या. लोटनने पहिलंच वाक्य घरी आणलं. काही निघालं नाही म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे बाहेरचं. गोळ्या बंद झाल्या. आता शेगडीत सळई लाल होत होती, ती सुनंदाबाईच्या कपाळावर टेकायची होती.

"दखा, दोन शिंगं," महाराज म्हणाले. "मशिनलेबी घाबरनी नही. डागशिवाय ती निंघत नही."

सरपंच शालिग्राम नानांनी भक्तिभावाने मान डोलावली.

उपकेंद्राच्या नर्स कुंदाबाई पुढे आल्या. सकाळीच त्यांनी लोटनकडून फोटोचं पाकीट बघायला घेऊन परत दिलं होतं. नक्की या फोटोतल्याच डोक्याला डाग द्यायचा ना, असं त्यांनी विचारलं. महाराजांनी गुरूची शपथ घेतली. मग बाईंनी फिल्मच्या कोपऱ्यातलं इंग्रजी नाव वाचलं.

"नाना, पुढे बसा. हाऊ फोटो तुमना शे."

नाना गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडले, तेव्हाचा तो फोटो. बाईंनी त्यांच्या बायकोकडून, आक्काबाईकडून, तो मागून आणला होता आणि सकाळी पाकिटात बदलून ठेवला होता. नाना शेगडीपासून चार पावलं मागे सरकले. आक्काबाई शांतपणे म्हणाली, "आते समजनं, घरमा इतलं कोन वरडस."

पारावरची माणसं हसून हसून वाकली. महाराजांनी फिल्म उलटी धरून पाहिली, तर शिंगं खाली गेली.

कुंदाबाईंनी सुनंदाबाईचा खरा फोटो पिशवीतून काढून शेजारी धरला. शिंगं त्यातही होती. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या सगळ्यांच्याच फोटोत अशा काळ्या दिसतात.

"मग आजार कुठे आहे, बाई?" लोटनने विचारलं.

"रेडिओचा फोटो काढला, तर त्यात खरखर दिसेल का, लोटनभाऊ? या फोटोत मेंदूचा आकार दिसतो, काम दिसत नाही."

काम टिपणारी यंत्रंही मोठ्या शहरांत आली आहेत, पण असा आजार ओळखायला तीही अजून शिकताहेत, असं त्यांनी सांगितलं. तोवर डॉक्टर माणसाशी बोलून आजार ओळखतात, आणि गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो.

लोटनने सळईवर तांब्याभर पाणी ओतलं आणि बायकोला घेऊन गोळ्या आणायला निघाला.

बाबांनो, तुम्हाला कोणी दुसऱ्याच्या डोक्यातलं भूत दाखवलं, तर रागावू नका. आधी त्याच्या स्वतःच्या डोक्याचा फोटो मागा.