दुसरीचं घर

आम्हा कामवाल्यांचा एक नियम होता. एखादीचं घर सुटलं, तर तिला विचारल्याशिवाय दुसरीने ते धरायचं नाही. कोथरूडच्या या सोसायटीत मी पोळ्या करते, आणि इतक्या वर्षांत हा नियम कोणी मोडलेला मी पाहिला नाही. भांडीवाल्या यमुनाबाईवर एका घरात चोरीचा आळ घेतला, तेव्हा त्या घरात महिनाभर कोणी पाय ठेवला नाही. शेवटी त्या घरच्या बाई भांडी घासून घासून कंटाळल्या आणि तिला बोलवायला स्वतः खाली उतरल्या. आमच्या हातात तेवढंच होतं, पण होतं.

मग सोसायटीने ॲप आणलं. गेटवर कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं, त्याने ओळखलं की दार उघडतं आणि हजेरी लागते. पगार त्या हजेरीवर, आणि नवीन कामंही त्याच ॲपवरून.

बी विंगमधल्या सुनीतीकाकू आणि काका मुलाकडे दुबईला जाऊन आले, आणि माझा अर्धा पगार गायब. अहो, मालक गावाला गेले तर बाईचे पैसे कापत नाहीत, ही पहिल्यापासूनची रीत. घर बंद होतं ते दिवस ॲपने माझी गैरहजेरी धरली; सुट्टी मी घेतलीच नव्हती.

मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "चंपाबाई, मी कुठे कापले? ॲपने कापले. माझ्या हातात काय आहे?"

"मग पोळ्याही ॲपलाच लाटायला सांगा," म्हटलं. "पूर्ण पगार द्याल त्या दिवशी मी येईन."

डोकं असं तापलं होतं की लिफ्टचीही वाट पाहिली नाही, जिन्यानेच उतरले. खाली आल्यावर सगळ्या जणींना सांगितलं. बी सातशे चार कोणी धरू नका. सगळ्या हो म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. काकूंच्या पोळ्या कशा होतात ते सगळ्या विंगला माहीत होतं. चार दिवसांत फोन येईल, अशी माझी खात्री होती.

फोन आला नाही. काकू नमत नव्हत्या आणि घरात ओढाताण सुरू झाली. माझं ए विंगमधलं एक घर होतं, पण त्यावर भागत नव्हतं.

रुपाली, माझी मुलगी, बी.कॉम.ला आहे. ती म्हणाली, "आई, तू अजिबात वाकायचं नाहीस. तुझं जमेपर्यंत मी कॉलेजच्या आधी एक घर करते." तिनेच ॲपमध्ये स्वतःचा फोटो टाकला. दुसऱ्याच दिवशी काम आलं. दोन माणसं, पोळी-भाजी, सकाळी सात. कोणाचं घर, आधी तिथे कोण होतं, काही नाही. फ्लॅट नंबर गेटवर गेल्यावरच दिसतो म्हणे. दोन माणसांची घरं इथे ढिगाने आहेत, त्यामुळे मी जास्त विचार केला नाही. उलट पोरीचं कौतुकच वाटलं.

सकाळी दोघी बरोबर निघालो. मी तोंड दाखवलं, दार उघडलं, मी आत गेले. मागून रुपालीने तोंड दाखवलं आणि पडद्यावर नंबर आला. बी सातशे चार.

ती तिथेच थांबली. "आई, मी नाही जात."

मला तेच ऐकायचं होतं. पण घेतलेलं काम गेटवरून सोडलं, तर ॲप पुढे महिनाभर काम दाखवत नाही. तिची फी भरायची होती. मागे बायकांची रांग लागली होती, यमुनाबाईही होती त्यात. ती पडद्याकडे बघत होती.

मला रडू आलं नाही, राग आला. आणि तो काढायचा कोणावर, तेही कळेना.

"जा," मी म्हटलं. "पोळी पातळ लागते त्यांना. कणकेत तेल घालू नकोस, वरून तूप लाव."

संध्याकाळी ती आली आणि दप्तर ठेवलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अगदी चंपाबाईंसारखी लाटतेस गं. आणि पगार किती कमी घेतेस."

"कोणाची मुलगी ते सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि आमच्या दोघींच्या पोळ्यांसाठी कणीक भिजवायला घेतली.