कापलेली निर्गुडी

गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. दिवसभर प्लास्टरचे जबडे समोर मांडून मेणात एकेक दात बसवायचा आणि संध्याकाळी घरी आलं की चप्पलसुद्धा न काढता मागच्या अंगणात जायचं. वर धाकटे दीर, खाली वहिनी आणि त्यांचा नवरा, असं दोन भावांचं घर. पण अंगणाकडे खालच्या या दोघांखेरीज कुणी ढुंकून बघत नसे.

तिथे भिंतीलगत वहिनींनी निर्गुडी लावली होती. ओढ्याकाठी आपसूक वाढणारं झुडूप, फांद्या तिथूनच आणलेल्या. तेव्हा दीर हसले होते, "रानातलं तण पाणी घालून वाढवताय होय, वहिनी?" बघता बघता निर्गुडी डोक्यावर गेली. निळसर जांभळे तुरे आले, त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडाली. खालचा पाचोळा वहिनी झाडत नसत, औषध कधी फवारत नसत. सरडे आले, फुलपाखरं आली आणि यंदा बुलबुलाच्या जोडीने आत घरटंच केलं.

मग पुतणीचं लग्न ठरलं. वहिनी तेव्हा आजारी बहिणीकडे होत्या. परतल्या त्या दिवशीच मुलाकडची माणसं जेवायला यायची होती. बॅग दारात टाकून त्या मागे गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

भिंत उघडी, ताजा चुना फासलेली. जमिनीवर हिरवंगार प्लास्टिकचं गवत, भिंतीवर प्लास्टिकच्या गुलाबांच्या माळा. दीर खुर्च्या मांडत होते.

"कसं वाटतंय, वहिनी? मोकळं मोकळं झालं की नाही?"

"निर्गुडी कुठंय?"

"ते जंगल? परवाच तोडलं. पाहुण्यांना काय माश्या दाखवायच्या? पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्यांवर जालीम औषधही ओतून घेतलं."

"भाऊजी, घरट्यात पिल्लं होती."

"पाखरं आहेत हो, करतील दुसरं घरटं."

"उद्या तुमची लेक उचलून कुणी रस्त्यावर टाकली आणि म्हणालं, होईल दुसरी, तर?"

"तोंडाला येईल ते बोलू नका!" दीर भडकले. "आणि मी काही चोरून केलं नाही. दादाला विचारलं होतं."

वहिनी वळल्या. नवरा स्वयंपाकघराच्या दारात पेल्यांचा ट्रे धरून उभा होता. बहिणीकडून त्या रोज फोन करत, पिल्लं कशी आहेत म्हणून विचारत.

"काल फोनवर काय सांगितलंत मला?"

"अगं, तुला तिकडे उगाच ताप नको म्हणून... जाऊ दे ना आता. झाडच होतं."

त्या 'जाऊ दे'ने वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिरांना त्यात जंगलच दिसत होतं. पण हा माणूस रोज उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी बसायचा. पिल्लांचे डोळे उघडले का, ते मान लांब करून बघायचा.

त्या तडक रस्त्यावर गेल्या. कोपऱ्यावरच्या कचऱ्यात फांद्या फेकलेल्या होत्या. पानं सुकून आक्रसलेली. त्यांनी नखाने एक साल खरवडली, तर आत अजून हिरवं होतं. पदर खोचून त्या फांद्या ओढू लागल्या. एवढ्यात पाहुण्यांची गाडी येऊन थांबली.

मुलाची आई उतरली. "काही हरवलं का हो?"

"हरवलं नाही, फेकलं," वहिनी म्हणाल्या.

नटलेली पुतणी धावत आली, मागोमाग दीर आणि नवरा. "काकू, हे काय? तुम्हीच तोडायला सांगितलंत ना? बाबा म्हणाले तसं."

वहिनी ताठ उभ्या राहिल्या. झाड तोडलं ते तोडलं, वर नाव त्यांचंच!

"मी नाही सांगितलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. दिरांचा चेहरा पडला. नवरा खालच्या आवाजात पुटपुटला, "आत चल ना, लोक बघताहेत."

"बघू देत."

त्या जेवायला गेल्या नाहीत. फांद्यांचे तुकडे बादलीत भिजत घालून दार लावून बसल्या.

बरेच तुकडे कुजले. जगले तेवढे वहिनींनी घरापुढे, रस्त्याच्या कडेला लावले. मागच्या मातीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. दीर येता-जाता त्या रोपांकडे बघत, पण बोलायची हिंमत करत नसत.

एका रविवारी नवऱ्याने कुणी न सांगता मागचं प्लास्टिकचं गवत उचकटून गुंडाळलं. घामाघूम होऊन तो घरात आला.

"मी खोटं बोललो तुझ्याशी."

"हो, बोललात," वहिनी म्हणाल्या आणि पाण्याची झारी घेऊन बाहेर गेल्या. बुलबुल काही त्या वर्षी परत आले नाहीत.