चौदा नंबरचे अठरावे वर्ष

सुई टोचण्याआधी डॉक्टरबाई समोरच्याचे बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवत. पौषातल्या सकाळी सावली गावच्या दवाखान्यात धानाच्या तणसाचा आणि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळलेला असे, आणि त्या थंडीत रक्त बोटाच्या टोकापर्यंत यायला वेळ घेई. बाई थांबत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला आधी हे थांबणेच आठवते.

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांचा सूक्ष्मदर्शक खिडकीत असे. आरशावर ऊन झेलून त्या काचपट्टीवरच्या थेंबात पाहत : गोल पेशींच्या गर्दीत वाकलेल्या, विळ्याच्या आकाराच्या पेशी. बाहेर भाताच्या बांधीत खरे विळे धान कापत असत. सिकल हा आजार आमच्या घराघरांतला, आईबापांकडून लेकरांत उतरणारा, थंडी पडली की हाडांत येऊन बसणारा. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या वर्षी बाई इथे आल्या आणि पुढच्या सहा वर्षांत त्यांचे तीन शोधनिबंध छापून आले. नागपुरातले त्यांच्या बरोबरीचे लोक वर्षाला तेवढे छापत. बाईंचा एक नियम आड येई. निबंध टपालात टाकण्याआधी, ज्यांचे रक्त त्यात मोजले त्या प्रत्येक घरी जाऊन, अंगणात बसून, त्या तो आमच्या बोलीत सांगत. कुणी नको म्हटले तर तेवढे खोडत. एकेका निबंधामागे सुगीची सुगी सरे.

मला हे ठाऊक नव्हते. मी चंद्रपुरात कॉलेजात होतो, खळीचा डबा घेऊन भिंतींवर पत्रके चिकटवत होतो.

माझी धाकटी बहीण विमल तिसऱ्या निबंधात होती. नावाने नव्हे, क्रमांक चौदा म्हणून. "बाई, आमच्या पोरीचं नाव काऊन नाई याच्यात?" असे आईने अंगणात विचारले होते म्हणे. नाव का छापत नाहीत ते बाईंनी समजावले, तेव्हा विमलच हसली होती. पुढे कुणी हाक मारली की ती आतून ओरडे, "चौदा नंबर जेवून राह्यली, थांबा नं!"

पुढच्या पौषात विमल गेली. तिचे कागद आणायला मी दवाखान्यात गेलो, तर टेबलावर परदेशी तिकिटांच्या कार्डांची चळत. तिसऱ्या निबंधाची प्रत मागणारी कार्डे. तिकडचे लोक आपल्या लेखांत त्याचा दाखला देतात, असे कंपाउंडर कौतुकाने सांगत होता. माझी बहीण कुठेच नव्हती आणि क्रमांक चौदा जगभर हिंडत होता. त्याच आठवड्यात मी पत्रक काढले : 'रक्त आमचे, कीर्ती तुमची'. निबंधाचे नाव, पान, तक्ता, सगळे दिले.

पत्रक गावोगाव वाचले गेले. पुढच्या हिवाळ्यात त्या तळव्यांत कुणी बोट दिले नाही. अंगणातली गोष्ट आईने मला तेव्हा सांगितली. मी ऐकून घेतली. बधिर बोटाला सुई कळू नये, तसे.

मग वरून विचारणा आली : निबंध किती, आणि त्यांचा उल्लेख कुठेकुठे झाला. इथले काम राहणार की बाईंची बदली होणार, ते त्या यादीवर ठरणार होते. बाई घरी आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पत्रकाची प्रत मागितली.

"यादीला जोडायची आहे. उल्लेख आहे ना यात."

"यानं तुमचंच काम बंद होईल, बाई."

"जिल्ह्यातला हा एकच उल्लेख आहे. तो कसा वगळू?" चष्मा वर सारून त्या वाचत राहिल्या. "एक चूक आहे. विमलचं वय तू सतरा लिहिलंस. ते माझ्या तक्त्यातलं, रक्त घेतलं तेव्हाचं. जाताना ती अठराची होती."

चुलीपाशी आईचा हात थांबला. "हो नं रे," ती म्हणाली. "अठराची होती."

बाईंनी माझ्या खिशाला लावलेले पेन मागून घेतले, आकडा दुरुस्त केला, प्रत घडी करून नेली.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला कुलूप लागले. कार्डे अजून येतात. "घे भाऊ, तुझ्या बाईची विलायत आली," म्हणत पोस्टमन ती माझ्या हातावर ठेवतो. प्रत्येक कार्डाला विमल सतराचीच हवी असते. काळ माणसाला नेतो आणि त्याचा एक आकडा मागे ठेवून जातो. तिचे अठरावे वर्ष आमच्या घरात गेले, आणि ते कुठेच छापलेले नाही.