सहा लाखांचा आवाज

यशपाल कसबे दुसऱ्याच्या यंत्राला सहसा चांगलं म्हणत नसे. सोलापुरात बुधवार पेठेतल्या त्याच्या दुकानात तीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येत होते. लग्नमंडपातले, मंडळांचे, जयंतीच्या मिरवणुकीतले, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. पेटीचं झाकण निघालं की तो आधी मान हलवायचा, मग कामाला लागायचा. स्वतःही ॲम्प्लिफायर बांधायचा आणि बाजारातल्या मालाच्या निम्म्या पैशात द्यायचा. म्हणून गुरु येमूलचा फोन आला तेव्हा त्याला हसूच आलं.

"अण्णा, एक ॲम्प्लिफायर बघायला या," गुरु म्हणाला. "विकत घ्यायच्या आधी."

"केवढ्याचा?"

"सहा लाख."

"गुरुशेठ, आत काय सोनं भरलंय का?"

"तेच बघायला बोलवायलोय की. दुसरा एक दीड लाखाचा बी हाय. कुटल्याबी एकातनं नऊ स्पीकर चालतात. तुमी सांगाल तो ठेवतो."

गुरुचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना होता. दहा वर्षांपूर्वी त्याची एक म्युझिक सिस्टिम दुकानदाराने 'संपली' म्हणून सांगितलेली असताना यशपालने फ्यूज बदलून, वीस रुपये घेऊन परत दिली होती. तेव्हापासून घरात आवाजाची कुठलीही वस्तू यायची असली की गुरु आधी यशपालला विचारायचा. यशपालने आवाज मोजायचं मीटर पिशवीत टाकलं आणि जुळे सोलापूरच्या रिक्षात बसला. काय सांगायचं ते त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं. दीड लाखाचा घ्या, उरलेल्या पैशांत घराला रंग द्या.

गुरुने नव्या घरात खालची एक खोली सिनेमासाठी केली होती. पडद्याजवळ तीन स्पीकर, मागे दोन, छतात चार. भिंतीशी दोन काळ्या पेट्या ठेवलेल्या, आणि त्यांच्यापाशी पृथ्वीराज उभा होता. हा मूळचा अकलूजचा, पुण्यात एका मोठ्या दुकानात कामाला, दोन्ही पेट्या गाडीत घालून तोच घेऊन आला होता. खोलीच्या मधोमध खुर्चीवर गुरुची आई, सावित्रम्मा, पदर खोचून बसल्या होत्या.

"यशपाल, बस," त्या मोठ्याने म्हणाल्या. त्या नेहमीच मोठ्याने बोलायच्या.

गुरुने यशपालला बाजूला घेतलं. "हे सगळं अम्मासाठी चाललंय, अण्णा. पस्तीस वर्षं मागावर काढली तिनं. त्या खडखडाटात कान गेले. डॉक्टर म्हणतात, जाड आवाज शाबूत हायत, बारीक गेलेत. पाखरू ऐकू येत न्हाय, फोनची घंटी येत न्हाय. माणूस बोलायलाय एवढं कळतं, काय बोलायलाय ते कळत न्हाय. कानातलं मशीन आणलं, तर भांडी डोक्यात वाजतात म्हणून काढून ठेवलं. तेलगू पिक्चर बघती, पन नुसतं बघती."

यशपालने सावित्रम्मांकडे पाहिलं. आपण एका शेठच्या हौसेचा निवाडा करायला आलो, असं त्याला वाटलं होतं. आता वाटेत ठरवलेलं उत्तर त्याने तसंच ठेवलं, पण घाई करायची नाही असंही मनाशी म्हटलं.

"पेट्या झाका," तो म्हणाला. "डोळ्यांना किंमत दिसली की कान तसंच ऐकतात."

गुरुने आतून एक चादर आणली. आपल्या सोलापुरी चादरीसारखी जाड चादर दुसरी नाही. दोन्ही पेट्या तिच्याखाली गडप झाल्या. यशपालने मीटर लावून दोन्हींचा आवाज काट्याला काटा जुळवून घेतला, कारण जरा मोठा वाजणारा माणसाला नेहमीच चांगला वाटतो. मग तो पृथ्वीराजला म्हणाला, "तू वायरी बदल, कुठला लावलास ते कागदावर लिही, आणि बाहेर जाऊन उभा राहा. तुझं तोंड बघून आमाला कळंल."

पृथ्वीराजला राग आला नाही. "चालतंय की, काका," म्हणून तो कामाला लागला.

पहिल्यांदा पुढच्या दोन स्पीकरांवर गाणी लावली. सहा वेळा पेट्या बदलल्या, आणि दर वेळी महाग कुठली ते ओळखायचं. गुरुचं उत्तर दोनदा बरोबर आलं, यशपालचं तीनदा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवण्यासारखंच. सावित्रम्मा म्हणाल्या, "दोन्ही एकच हाय. मला काय फरक न्हाय." मग वायरी यशपालने बदलल्या, पृथ्वीराजने स्वतः ऐकून बघितलं आणि तो चार वेळा चुकला. त्याने ते लपवलं नाही. "गाण्यात फरक नसतोच, काका. आमचे दुकानातले सांगतात असतो म्हणून. मला कधी सापडला न्हाय."

यशपालला हा माणूस आवडायला लागला, आणि त्याच वेळी आपलं बरोबर ठरतंय याचा आनंदही झाला. "बघा गुरुशेठ," तो म्हणाला.

"आता पिक्चर लावू," पृथ्वीराज म्हणाला. "नऊच्या नऊ स्पीकर चालू करून."

त्याने एक तेलगू सिनेमा लावला. मोठ्या पुराचा प्रसंग होता. पाणी घरात शिरतंय, वर पत्रे वाजतायत, माणसं ओरडतायत, आणि त्या गदारोळात एक म्हातारी आपल्या मुलाला काहीतरी बजावून सांगतेय. पहिल्या वेळी पूर खोलीत आला, छतातून पाऊस कोसळला, गुरु खुर्चीत सरसावून बसला. सावित्रम्मा पडद्याकडे नुसत्या बघत राहिल्या. प्रसंग संपल्यावर गुरुने विचारलं, "अम्मा, म्हातारी काय म्हणली?"

"पाणी लई होतं," सावित्रम्मा म्हणाल्या. "पाण्यात तिचं बोलणं बुडालं."

पेटी बदलली. तोच पूर, तोच पाऊस, मीटरवर तोच आकडा. म्हातारी बोलायला लागली आणि सावित्रम्मांनी मान वर केली. त्या पुढे वाकल्या. म्हातारीचं वाक्य संपतंय न संपतंय तोच त्या पडद्यावरच्या मुलाला तेलगूत रागावून काहीतरी म्हणाल्या.

गुरु आईकडे बघतच राहिला. मग त्याने यशपालला सांगितलं, "म्हातारी म्हणती, माझं सोड, आधी गाईचं दावं काप. आणि आमची अम्मा त्या पोराला म्हणाली, अरे ऐक की तिचं, उभा काय राहिलास."

यशपालने पृथ्वीराजला आत बोलावून कागद मागितला. पहिली पेटी दीड लाखाची होती, दुसरी सहा लाखांची. त्याने पुन्हा करायला लावलं, या वेळी उलट क्रमाने आणि सावित्रम्मांनी न ऐकलेल्या दुसऱ्या प्रसंगावर. नंतर तिसऱ्यावर. दर वेळी सहाच्या पेटीवर सावित्रम्मांनी बोलणं उचललं आणि दीडच्या पेटीवर अर्धं सांडलं.

कारण यशपालच्या लक्षात आलं होतं. दीड लाखाच्या पेटीत ताकदीचा साठा बेताचा. दोन स्पीकर वाजवताना तो पुरतो, पण नऊ तोंडं एकदम मागायला लागली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, आणि आवाज कडेने फाटतो. धडधाकट कानाला ते चालून जातं. सावित्रम्मांच्या कानात आधीच अर्धी अक्षरं पोहोचत नव्हती, उरलेली ही फाट खात होती.

तरीही यशपाल हार मानणारा नव्हता. "थांबा," तो म्हणाला. "दीडच्या पेटीला मदत दिली तर? बोलणं पुढच्या तीन स्पीकरातनं येतं. त्या तिघांना माझा ॲम्प्लिफायर लावतो, बाकीचे सहा ती पेटी चालवंल. दीडच्या वर चाळीस हजारांत काम होतंय."

पृथ्वीराजला यात तोटा दिसत होता. तरी तो म्हणाला, "व्हय, काका, तसं करता येतंय. करून बघा. मी उद्यापर्यंत थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशपाल स्वतःच्या हाताने बांधलेला ॲम्प्लिफायर घेऊन आला. त्याचं सगळ्यात चांगलं काम होतं ते, चार महिने खपून केलेलं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून घेतलेला. पूर लावला. म्हातारी बोलली, आणि सावित्रम्मांनी शब्द न् शब्द ऐकला. गुरुने यशपालच्या पाठीवर थाप मारली. यशपालची छाती फुगली.

पुढे शांत प्रसंग आला. रात्रीचं शेत, दोन माणसं बांधावर बसलेली, कुणीच बोलत नाही. सावित्रम्मा इकडेतिकडे बघायला लागल्या.

"गुरु, शेजारी कुणी माग टाकला काय?"

"न्हाय, अम्मा. हितं कुटला माग?"

"चालू हाय की. हळू चालू हाय, लांब."

यशपाल उठला आणि मधल्या स्पीकरला कान लावला. खोल, सारखी, एकसुरी घुमणी येत होती. त्याच्या पेटीची. इतकी वर्षं आपल्याच दुकानात त्या आवाजाशेजारी बसून त्याला ती ऐकूच येईनाशी झाली होती. सावित्रम्मांचे बारीक आवाज गेलेले, पण हा जाड आवाज होता, आणि पस्तीस वर्षं त्यांनी तोच ऐकलेला. त्यांच्यापासून तो लपणार नव्हता.

"माझाच हाय, अम्मा," यशपाल म्हणाला. "माझ्या पेटीचा आवाज हाय तो."

"चांगली हाय तुझी पेटी," सावित्रम्मा म्हणाल्या. "पन मला आता माग नको."

पृथ्वीराजने सहाची पेटी पुन्हा जोडली आणि तोच शांत प्रसंग लावला. यशपालने स्पीकरला कान लावला. काहीच नव्हतं. पेटी चालू आहे की बंद, हे वरचा दिवा बघूनच कळत होतं. शेतावरची शांतता खरोखर शांत होती.

"झाकण काढून बघू का?" त्याने विचारलं.

"दाखवायचाच पीस हाय, काका. सील न्हाय. काढा."

यशपाल जमिनीवर मांडी घालून बसला. झाकण निघालं, आणि गुरु त्याची मान हलायची वाट बघू लागला. मान हलली नाही. ताकदीचा मोठा ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या पत्र्यात गुंडाळून एका कडेला ठेवला होता आणि आवाजाचं नाजूक काम पार दुसऱ्या टोकाला, मध्ये धातूची भिंत घालून. नऊ स्पीकरांसाठी नऊ पट्ट्या उभ्या, एकसारख्या, प्रत्येकीला सारखीच हवा मिळेल अशा. एकही वायर गरजेपेक्षा लांब नव्हती, आणि जिथे दोन वायरी एकमेकींना ओलांडत होत्या तिथे काटकोनात ओलांडत होत्या. झाकणाखाली, जिथे गिऱ्हाईक जन्मात बघणार नाही तिथे, प्रत्येक सांधा आरशासारखा लखलखीत.

यशपालने टॉर्च मागितला. त्याने अर्धा तास त्या पेटीत डोकं घातलं. स्वतःची चूक त्याला तिथे बसल्या बसल्या दिसली. आपण ताकदीची वायर आवाजाच्या वायरीशेजारून नेली होती, पेटी लहान दिसावी म्हणून. ही पेटी बांधणाऱ्याने तो मोह केला नव्हता. कुठल्या देशात कोण बसला असेल, त्याने किती वेळा मांडामांड करून मोडली असेल, याचा विचार यशपालच्या मनात आला आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला मनापासून आदर वाटला.

"बोला, अण्णा," गुरु म्हणाला. "सहा लाखांचा हाय का?"

"आतलं सामान दोनाच्या वर जात न्हाय," यशपाल म्हणाला. "बाकीचे चार लाख कशाचे म्हणाल, तर कुटं काय ठेवायचं न्हाय ते कळण्याचे. तुमच्या एकट्यासाठी असता तर मी दीडचा घ्या म्हणलो असतो. दहा घरांत मला विचारलं तर नऊ घरांत तेच सांगंन. ह्या घरात सहाचा ठेवा."

गुरु खूश झाला, पण सावित्रम्मांनी आकडा ऐकला होता. बोलणं ऐकू आलं नाही तरी 'सहा लाख' त्यांना बरोबर ऐकू आलं. "सहा लाखांत जुने माग किती येतात माहीत हाय का तुला?" त्या गुरुवर उखडल्या. "एका म्हातारीनं पिक्चर बघायचा म्हणून? न्हाय. परत ने."

गुरुने समजावलं, चिडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. पृथ्वीराजने वायरी काढायला घेतल्या. तेव्हा यशपाल सावित्रम्मांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असा बसला.

"अम्मा, तुमच्या कारखान्यात तुमच्या बरोबरीच्या किती बायका होत्या?"

"अकरा. आता सात हायत."

"त्यांना ऐकू येतं का?"

सावित्रम्मांनी एकेकीला बोटांवर मोजलं. मैंदर्गीची चंद्रव्वा मागाच्या कांड्यांवर सूत भरायची, तीही आता हाक मारली तर बघत नव्हती. बाकीच्यांचं तेच.

"मग एका म्हातारीसाठी कुटं हाय?" यशपाल म्हणाला. "आठजणींचं हाय."

त्यांनी खोलीतल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग गुरुला म्हणाल्या, "खुर्च्या कमी पडतील."

पुढच्या रविवारी दुपारी सातही जणी आल्या. पृथ्वीराज पुण्याहून मुद्दाम बसवायला आला होता, त्याने मधल्या स्पीकरमधलं बोलणं आणखी दोन घरं वर केलं. यशपालने बायकोला, शालनला, बरोबर आणलं होतं. चंद्रव्वा कन्नड बोलणारी, पण तीस वर्षं येमूलांच्या मागावर काढून तेलगू तिला घरच्यासारखी कळायची. पंधरा मिनिटं ती हाताची घडी घालून बसली. मग शेजारणीच्या मांडीवर हात मारून म्हणाली, "बोलतोय की गं तो."

"इतके दिवस काय गप होता काय?" शेजारीण म्हणाली, आणि ओळीतल्या सगळ्या हसल्या.

मध्यंतरात चहा आला. चंद्रव्वाने यशपालला विचारलं, "बाबा, केवढ्याला पडलं हे?"

यशपालने तोंड उघडलं, तेवढ्यात सावित्रम्मा म्हणाल्या, "वीस हजार. गुरुला ओळखीनं मिळालं."

आवाजाच्या बाबतीत यशपाल कधी कुणाचं खोटं चालवून घेत नसे. त्या दिवशी त्याने चहाचा कप तोंडाला लावला. शालनने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पृथ्वीराजने पुन्हा पिक्चर चालू केला आणि आठही जणी पुढे सरकून बसल्या.