कोरड्या शेवया

पंच्याण्णव साली मी आणि शेजारच्या नूर महंमदने जळगावहून एकसारखेच कॉर्डलेस फोन आणले. पारोळ्याच्या आमच्या गल्लीत तेवढे दोनच. दुकानदाराने बजावलं होतं, "बॅटरीखालची बारीक बटणं फिरवून दोघांचे कोड वेगळे करून घ्या, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईल." मी त्यालाच झापलं. आमच्या घरात कसली आलीत गुपितं?

रमजान ईदला दर वर्षीप्रमाणे नूर महंमदची बायको हसीनाबी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. "वा भाभी!" म्हणत मी तो दोन्ही हातांनी घेतला. दुपारी गच्चीवरून धुळ्याच्या बहिणीला फोन लावला आणि हसत सांगितलं, "त्यांच्या हातचं कोण खातं गं? दर वर्षी म्हशीच्या आंबोणात ओततो."

संध्याकाळी नूर महंमद पेचकस घेऊन दारात उभा.

"भाऊ, फोन द्या. कोड बदलून देतो. इकडचं तिकडे ऐकू येतं."

"काय ऐकू आलं?" मी खेकसलो.

"काही नाही," म्हणत त्याने खाली मान घालून बटणं फिरवली. मीही मूर्खासारखं ते खरं मानलं.

पुढच्या ईदला हसीनाबी आली. या वेळी डबा नव्हता, पिशवी होती. तिने ओट्यावर कोरड्या शेवया, साखर, खारीक असे दुकानातले बंद पुडे एकेक काढून ठेवले. न शिजवलेलं, न शिवलेलं. मला मान वर करवेना.

"घरीच शिजवा, भाऊ," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "दूध तेवढं तुमच्या म्हशीचं घाला."