चादरीची कच्ची पॅन्ट

मी पॅन्ट बोलतेय. दुकानात ऐटीत लटकणारी नव्हे हं. मी जुन्या चादरीची आहे, निळ्या पट्ट्यांच्या. मला खिसे नाहीत, चेन नाही. पोटावर मला टाचण्यांनी बंद करतात. खरी पॅन्ट शिवण्याआधी माप बसतंय का हे बघायला जी कच्ची शिवतात ना, ती मी. घराबाहेर पडणं माझ्या नशिबात नव्हतंच.

मला शिवलं ते बाईंनी. बाई शाळेत गाणं शिकवतात आणि रविवारी मोठ्या माणसांचा एक वृंद गायला बसवतात. कार्यक्रमात त्या गाणाऱ्यांकडे तोंड करून हातांनी लय दाखवत उभ्या राहतात. म्हणजे प्रेक्षकांना सगळा वेळ काय दिसतं, तर बाईंची पाठ.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. लहानपणी बाई जिन्यावरून पडल्या. हाड जुळलं, पण कमरेची उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटं वर राहिली. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, पण विकतची पॅन्ट चढवली की ती लगेच चुगली करते. म्हणून बाई प्रत्येक कार्यक्रमाला गुडघ्यापर्यंतचा काळा कोट घालत. भर उन्हाळ्यातसुद्धा.

या वेळी कार्यक्रम मोठ्या सभागृहात ठरला. बाई मंच बघून आल्या आणि खुर्चीत बसकण मारून म्हणाल्या, "मंच एवढा उंच आहे की पहिल्या रांगेच्या नाकासमोर नेमकी माझी कंबर येते. वर दिव्यांची भट्टी. त्या कोटात मी शिजून निघेन."

"मग कोट नको घालूस," यजमान म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे.

"मग मीच नको. दुसरं कुणीतरी उभं राहील."

हे ऐकून त्यांची मोठी बहीण पॅन्टचा कागदी पॅटर्न घेऊन हजर झाली. या ताई म्हणजे उत्साहाचं गाठोडं. "विकतची बसत नाही ना, मग शीव. चार तुकडे आहेत फक्त. पॅन्ट म्हणजे काय गं, दोन नळ्या जोडायच्या." ताईंनी आयुष्यात शर्टाचं बटणही लावलेलं नाही, हे मला नंतर कळलं.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. चादरीची दुहेरी घडी घातली, वर कागद ठेवले, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालली. कडेला शिलाईसाठी जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाईंनी ती एवढी सोडली की माझ्यात अजून एखादी पॅन्ट मावली असती. घाबरलेल्या माणसाची माया जास्त असते.

मग बाईंनी मला अंगात चढवलं आणि आरशात पाहिलं. काय सांगू. माझे पट्टे डावीकडून निघायचे ते तिरके उजव्या कमरेकडे पळत सुटायचे. सीटखाली सुरकुत्या. उजवा पाय घोट्यावर चढलेला, डावा जमिनीवर लोळतोय. मीच ओशाळले.

बाईंनी माझी कंबर दोन्हीकडून आवळली. जमेना. दोन्हीकडून सैल केली. तरी जमेना. टाके घालायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. माझ्या कडांचे पार दोरे निघाले. दारात उभे राहून यजमान बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"दर वेळी तू दोन्ही बाजूंना तेच करतेयस."

"पॅटर्न तसाच आहे."

"पॅटर्न थोडाच जिन्यावरून पडलाय?"

बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्याच टाचण्या टोचल्या. पण ते मागे हटले नाहीत. "माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा असतो, उजव्याचा वेगळा. दोन्हीकडे एकच काच बसवली तर माणूस खांबाला धडकेल."

"डोळ्यांचं वेगळं असतं."

"का बरं?"

"डोळ्यांकडे कुणी मागून बघत नाही."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या, म्हणजे मीही बसले. मला वाटलं, आता मला काढणार आणि कचऱ्यात टाकणार. पण त्यांनी टेप उचलला आणि यजमानांपुढे धरला.

"तूच घे. उजवीकडचं वेगळं. मी बघणार नाही."

त्या उभ्या राहून खिडकीबाहेर बघत राहिल्या. यजमानांनी कमरेपासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, आधी उजवीकडचं, मग डावीकडचं, आणि चष्म्याचा नंबर सांगावा तशा सरळ आवाजात दोन्ही आकडे सांगितले.

"फरक एवढाच?" बाईंनी विचारलं.

"एवढाच."

"पुन्हा मोज."

त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढाच निघाला. इतकी वर्षं बाईंनी मनात त्याचा डोंगर करून ठेवला होता.

मग बाईंनी मला टेबलावर पसरलं आणि उजव्या कमरेवर आडवी कात्री चालवली. मी डोळे मिटले असते, पण चादरीला डोळे कुठले. पुन्हा अंगात चढवल्यावर ती फट आपोआप उघडली, पाचरीसारखी. तिथे उशीच्या अभ्र्याचा तुकडा बसवला आणि माझे पट्टे आडवे, सरळ, शहाण्यासारखे बसले. सुरकुत्या पळाल्या. बाईंनी हातातल्या आरशात पाठीमागचं रूप बघितलं आणि नाक ओढलं. सर्दी झालीय म्हणाल्या.

खरी काळी पॅन्ट शिवताना त्यांनी कापडाची घडी घातलीच नाही. डावी बाजू वेगळी कापली, उजवी वेगळी. मी खुर्चीच्या पाठीवर बसून सगळं पाहिलं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तिला खिसे होते.

कार्यक्रमाला अर्थातच ती गेली. मला हकिकत कळली ती दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा. कोट सगळा वेळ यजमानांच्या मांडीवर होता म्हणे.

"पॅन्ट कशी दिसत होती?" बाईंनी विचारलं.

ताईंनी जरा आठवून पाहिलं. "अगं, पहिल्या रांगेत बसले होते ती तेवढ्यासाठीच. पण गाणं सुरू झालं आणि बघायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं? इतकी खपून शिवली मी." बाई रागावल्यासारख्या बोलल्या, आणि मग हसायला लागल्या त्या थांबेचनात.

त्यानंतर यजमानांनी मला उचलून चाचपलं. "कापड मऊ आहे. दुकानातल्या काचा पुसायला छान."

"खबरदार हात लावलास तर," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला हलक्या हाताने उसवलं. आता मी पॅन्ट उरले नाही, नुसते चार सपाट तुकडे आहे. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलंय: डावा पुढचा, डावा मागचा, उजवा पुढचा, उजवा मागचा. तो कागदी पॅटर्न ताईंना परत गेला. बाईंचा पॅटर्न आता मी.

आज त्यांनी नवीन कापड आणलंय. काळं नाही, भडक नारिंगी. टेबलावर ते पसरलंय आणि त्याच्यावर मी. तुमच्याही घरी कपाटात अशी खडूच्या खुणांची वेडीवाकडी चिंधी सापडली, तर पुसायला घेण्याआधी घरात एकदा विचारा, एवढंच मागणं. बरं, आता पुरे. बाई टाचण्या लावायला लागल्यात, आणि तेव्हा हलायचं नसतं.