पायऱ्यांचं गाव

“दाराची रुंदी विचार,” लिफ्टकाका लेकीच्या कानाशी लागले. “आणि माणसं किती मावतात ते. चार की सहा?”

लेक फोनवर इटलीतल्या एका हॉटेलच्या बाईशी बोलत होती. “बाबा, ती म्हणतेय लिफ्ट आहे, छान आहे, नवीन आहे. अजून काय हवंय तुम्हाला?”

“नवीन म्हणजे कधीची? दार आपोआप लागतं की जाळीचं आहे?”

लेकीने कपाळावर हात मारून घेतला, पण विचारलं.

लिफ्टकाकांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. दुसऱ्यांना वर चढवता चढवता स्वतः मात्र तळमजल्यावरच राहिले. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार. काका म्हणायचे, अंधार कसला, वर राहिलो असतो तर सुट्टीच्या दिवशीही हातात पाना आला असता! आणि सुट्टी तरी कुठली? बायकोला घेऊन ते कधी कुठे गेलेच नाहीत. तिने जन्मात मागितलं ते एवढंच. कंपनीच्या कॅलेंडरवर एका वर्षी इटलीतल्या किनाऱ्याचा फोटो आला होता. खाली निळा समुद्र, वर उभा कडा आणि कड्यावर एकावर एक रचलेली गुलाबी-पिवळी घरं. काकूंनी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. “एकदा न्या हो,” त्या म्हणायच्या. “रिटायर झालो की जाऊ,” हे काकांचं ठरलेलं उत्तर.

काका रिटायर झाले आणि काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला. आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलं तरी त्यांना खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. “न्यायचं असेल तर या उन्हाळ्यात न्या. पुढच्या वर्षी मी हो म्हणणार नाही.” ‘पुढच्या वर्षी’ म्हणताना ते जरा अडखळले. काकांना तेवढं पुरलं.

“अगं, तिला विचार,” पलंगावरून काकू म्हणाल्या, “गाडीतून उतरल्यावर त्या लिफ्टपर्यंत कसं जायचं?”

लेकीने विचारलं. पलीकडची बाई मोठ्या उत्साहाने बराच वेळ बोलली. लेकीचा चेहरा उतरत गेला.

“रस्ता वर आहे, हॉटेल खाली. सव्वाशे पायऱ्या आहेत मध्ये. लिफ्ट हॉटेलच्या आत आहे. म्हणाली, काळजी करू नका, सामान आमची माणसं उचलतात.”

“आणि माणसं कोण उचलतं?” काकांनी विचारलं.

काकांना स्वतःचाच राग आला. लिफ्ट म्हटली की ती रस्त्यालगतच सुरू होणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. इतक्या लिफ्ट उघडल्या, बसवल्या, पण लिफ्टपर्यंत माणूस पोचतो कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. इतका कसा मी बैल, असं त्यांना झालं.

पुढचे काही दिवस लेकीने दुसरी हॉटेलं धुंडाळली. सगळीकडे तीच गत. कुठे खाली उतरायचं, कुठे वर चढायचं.

“गाव आहे की शिडी!” काका शेवटी वैतागले. “लिफ्टच्या कंपनीला कॅलेंडरवर छापायला दुसरं गाव मिळालं नाही?”

काकू खूप हसल्या आणि मग खूप खोकल्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, “गावात जायचंच कशाला? जवळपास कुठे तरी सपाटीला राहू आणि बोटीतून बघू. त्या फोटोवाल्याने तरी समुद्रातूनच काढला ना फोटो?”

“अगं, मग हे आधी बोलायचंस ना!”

“तुमचं डोकं त्या दाराच्या रुंदीतून बाहेर आलं तर बोलणार!”

झालं, बेत ठरला. काका त्या दिवशी शीळ घालत घरभर फिरले. बोट कुठून सुटते, बोटीत बसायला पाठ असलेली खुर्ची मिळते का, सगळं विचारून झालं. राहिला फक्त व्हिसा. लेकीने मोबाइलवर काढलेला काकूंचा फोटो भिंतीवर सावली पडली म्हणून परत आला. स्टुडिओत जाणं भाग होतं. काकांनी मुद्दाम लिफ्ट असलेल्या इमारतीतला स्टुडिओ शोधला. पहिलाच मजला.

लिफ्टच्या दारावर पाटी होती: बंद आहे.

काकांनी तरीही बटण दाबलं, दाराला कान लावला. त्यांच्याजवळ ना हत्यारं, ना किल्ली.

“दोन दिवस झाले,” वॉचमन म्हणाला. “लिफ्टवाला उद्या येतो म्हणालाय.”

हेच वाक्य काकांनी आजवर किती जणांच्या तोंडावर फेकलं होतं. “चल, आपणही उद्या येऊ,” ते काकूंना म्हणाले.

“एक मजला तर आहे. बोटीत चढायचंय मला, सराव नको?”

अर्ध्या जिन्यात, वळणावर, काकू मटकन खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते.

“उचलू का तुला?”

“आणि तुमची कंबर... कोण उचलणार?”

आवाज ऐकून वरून फोटोवाली डोकावली. पोरगी शहाणी होती. “काकू, उठू नका. इथेच काढू,” म्हणत ती कॅमेरा आणि एक पांढरं कापड घेऊन खाली आली. “काका, तुम्ही हे मागे ताणून धरा. सुरकुती नको, आणि तुम्हीही दिसायला नको.”

काका दोन पायऱ्या वर चढून मागे उभे राहिले. हात उंच केले. डोळ्यांसमोर नुसतं पांढरं. बायको त्या कापडापलीकडे, हाताच्या अंतरावर, पण दिसत नव्हती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“काकू, इकडे बघा. आता तोंड मिटा.”

श्वास थांबला आणि लगेच खोकल्यासारखा फुटला.

“पुन्हा करू. घाई नाही. जरासंच मिटा.”

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“अहो, उघड्या तोंडाचाच काढा ना,” कापडाआडून काका म्हणाले.

“परत येईल, काका. नियम आहे. चालत नाही त्यांना.”

“जमेल... थांबा,” काकू म्हणाल्या.

त्यांनी मोठा श्वास घेतला आणि जिन्यात एकदम शांत झालं. कॅमेरा वाजला. त्यानंतर काकूंनी जी हवा ओढली, तिचा आवाज काकांना सहन होईना. एका फोटोपुरतं तोंड मिटणं हिला जड जातंय, आणि आपण विमानाच्या, बोटीच्या गोष्टी करतोय. आपण कुठेही जाणार नाही. काकांना ते अगदी स्वच्छ कळलं, आणि करण्यासारखं त्यांच्या हातात काहीही नव्हतं.

“आला! मस्त आलाय, काकू,” फोटोवाली म्हणाली.

“अहो... बघा तरी... मिटलं एकदाचं. आता... कोण अडवतंय आपल्याला!”

“काका, झालं. सोडा कापड.”

“हात भरून आले असतील हो तुमचे,” काकू म्हणाल्या.

“सोडतो, सोडतो,” काका म्हणाले, आणि चेहऱ्यासमोरचं कापड त्यांनी तसंच, एक सुरकुती पडू न देता, धरून ठेवलं.